मिऱ्यांचे गाव, चेटकिणींचे गाव

सेलम म्हटले की आपल्याला पटकन आठवते ते तमिळनाडूतले, पोलादाचे आणि आंब्यांचे सेलम. हे ते नव्हे. हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनावर गाडीत बसावे, खिडकीतून खाडीचे पाणी आणि खारी गवते पाहत राहावे, आणि अर्ध्या तासाने उतरावे. समुद्राकाठचे, सुमारे ४४ हजार वस्तीचे गाव. आपल्या हिशेबाने तालुक्याचे ठिकाणच म्हणायचे. पण त्याची कीर्ती अशी, की अलीकडे एका ऑक्टोबर महिन्यात तिथे दहा लाखांच्या घरात माणसे लोटतात. आषाढीला पंढरपूर फुलते तसे ते गाव फुलते; फरक एवढाच की इथे वारी विठ्ठलाची नसून चेटकिणींची असते.

१६९२ साली या गावात जादूटोण्याच्या आरोपावरून १९ माणसांना फाशी दिले, आणि विसावा एक म्हातारा अंगावर दगड रचून मारला. या गोष्टीला तीन शतके उलटून गेली. आता तीच गोष्ट गावाचे पोट भरते. गावातल्या माणसांना याचे काय वाटत असेल, हे कुतूहल मला पुष्कळ दिवस होते. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयतांनी तिथे पाच दिवस मुक्काम केला.

मुक्काम होता एका जुन्या लाकडी घरात, गावच्या मोठ्या मैदानाजवळ. खाली मालकीणबाई राहतात आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. बाई पूर्वी शाळेत शिकवीत असत. ते त्यांच्या बोलण्यावरून सांगितल्यावाचूनही कळले असते. घराच्या जमिनीला असा उतार, की टेबलावर ठेवलेली पेन्सिल आपली आपण खिडकीकडे चालू लागे. जिना तर इतका उभा की पहिल्याच दिवशी सौ. म्हणाल्या, “अहो, यापेक्षा आमच्या माहेरच्या वाड्याचा जिना बरा. निदान धरायला दोर तरी होता.”

या घरांची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवर लहानशा पाट्या लावलेल्या आहेत. घर कोणाचे, त्याचा धंदा काय आणि साल कोणते, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. कोणी गलबताचा कप्तान, कोणी सुतार, कोणी व्यापारी. आपल्याकडे पाटी लागते ती अमुक मंत्र्यांच्या शुभहस्ते उद्घाटन झाल्याची. वाडा बांधणाऱ्या गवंड्याचे नाव तर सोडाच, वाडाच कुठे शिल्लक आहे? इथे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव रस्त्यावरून जाणारा कोणीही वाचतो. पाचही दिवस आम्ही वाटेत थांबून थांबून पाट्या वाचत होतो, आणि त्यापायी जेवणाच्या वेळा टळत होत्या.

त्या वर्षी योग असा होता की आपली नरकचतुर्दशी आणि अमेरिकेतले हॅलोवीन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. आम्ही त्याआधीच निघणार होतो, पण गाव महिनाभर आधीपासूनच नटलेले. दारोदार भोपळे, भोपळ्यांना डोळे आणि दात कोरलेले. संध्याकाळी आत दिवे लागले की आकाशकंदिलाची आठवण व्हावी आणि दातांकडे लक्ष गेले की ती जावी. एसेक्स स्ट्रीट हा तिथला मुख्य रस्ता. त्यावर पाय ठेवायला जागा नाही. टोकदार टोप्या घातलेल्या आज्या, काळ्या झग्यातली तान्ही मुले, तोंडाला पीठ फासून भूत झालेले बँकेतले कारकून (कारकून हा माझा अंदाज, चालण्यावरून वाटले), हात पाहणारे, पत्ते मांडून भविष्य सांगणारे. पोलिसांच्या गाडीवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण रंगवलेली. या व्यवहाराला सुरुवातही बरीच जुनी. १८९० च्या सुमारास गावातल्या एका सराफाने चेटकिणीचे चित्र असलेला चांदीचा चमचा आठवण म्हणून विकायला काढला, आणि तो हातोहात खपला. तेव्हापासून दुकान चालूच आहे. एका कोपऱ्यावर दूरदर्शन मालिकेतल्या एका गोड, हसऱ्या चेटकिणीचा पुतळा आहे. २००५ साली तो उभारला तेव्हा गावातल्या काही लोकांनी हरकत घेतली होती म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा त्याच्यासोबत फोटो काढायला रांग होती.

सर्वांत गंमत वाटली ती गावच्या संस्थापकाची. रॉजर कोनंट नावाचा गृहस्थ १६२६ साली इथे वस्ती करायला आला. त्याचा मोठा ब्राँझचा पुतळा चौकात आहे. अंगावर वाऱ्याने फुगलेला झगा, डोक्याला उंच टोपी. समोरच चेटकिणींचे संग्रहालय. झाले! येणारा प्रत्येक पाहुणा त्याला मांत्रिकच समजतो. बिचारा साधाभोळा ख्रिस्ती माणूस, आणि वस्तीचे नाव ठेवले ‘सेलम’, म्हणजे शांती.

रस्त्यावरच्या या जत्रेचा मला राग आला. २० निरपराध माणसे मारली गेली, आणि त्यांच्या नावावर टोप्या विकता? तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी मालकीणबाईंना हे बोलून दाखवले. त्या शांतपणे म्हणाल्या, “त्या २० जणांपैकी एकही चेटकीण नव्हती, हे तुम्हांला कोणी सांगितले?” मी म्हटले, “कोणी म्हणजे? सगळीकडे लिहिलेलेच आहे.” त्या म्हणाल्या, “मग ते लिहायला किती वर्षे लागली तेही पाहून जा. आणि बंदरावर गेला नसाल तर आधी तिथे जा. आमचे गाव मिऱ्यांचे होते, हे आता कोणी विचारीत नाही.”

म्हणून आधी बंदर.

डर्बी व्हार्फ नावाचा धक्का अर्धा मैलभर सरळ समुद्रात गेलेला आहे. टोकाला एक छोटासा दीपस्तंभ. आज धक्क्यावर गवत, कुत्री फिरवणारी माणसे आणि वारा. अठराव्या शतकाच्या अखेरीला इथे गलबतांची एवढी दाटी असे, की गोदामांना जागा पुरत नसे. ब्रिटिशांशी युद्ध करून अमेरिका मोकळी झाली तेव्हा ब्रिटिश वसाहतींतली नेहमीची बंदरे तिच्या गलबतांना बंद झाली. सेलमच्या व्यापाऱ्यांनी मग थेट पूर्वेची वाट धरली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून सुमात्रा, कँटन, मद्रास, कलकत्ता आणि आपली मुंबई. सुमात्राहून मिरी आणायची आणि ती युरोपला विकायची, यात सेलमने एवढा पैसा केला की गावच्या १८३९ सालच्या नगरमुद्रेवर घातले ते चित्र झग्यातल्या, छत्री धरलेल्या पौर्वात्य माणसाचे. खालच्या लॅटिन वाक्याचा आशय असा, की श्रीमंत पूर्वेच्या पार शेवटच्या बंदरापर्यंत. चेटकिणीचे नाव नाही.

आपल्याकडचे सुती कापडही इथे खूप येई. एकदा तर हत्तीच आला. जेकब क्राउनिनशील्ड हा सेलमचा कप्तान. त्याने बंगालमधून ४५० डॉलरला एक हत्तीण घेतली, ‘अमेरिका’ नावाच्या गलबतावर चढवली आणि १७९६ साली न्यू यॉर्कला उतरवली. त्या देशाने पाहिलेला हा पहिला हत्ती. पुढे तिला गावोगाव फिरवले. १७९७ साली ती सेलमलाही येऊन गेली. गलबतावरच्या एका अधिकाऱ्याने रोजनिशीत हत्तिणीसाठी चढवलेल्या पाल्याची नोंद करून ठेवली आहे. त्या अधिकाऱ्याचे आडनाव हॅथॉर्न. ते लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

१७९९ साली इथल्या कप्तानांनी एक मंडळी स्थापन केली: ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’. सभासद कोण? ज्याने केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडले तोच. प्रत्येकाने परदेशातून काही ना काही अपूर्व वस्तू आणून मंडळीच्या संग्रहालयाला द्यायची. तेच वाढत वाढत आजचे पीबॉडी एसेक्स म्युझियम झाले. मंडळीचे १८२५ सालचे सभागृह त्याच्या पोटात अजून शाबूत आहे. या संग्रहात एक चित्र आहे, एका पारशी गृहस्थाचे: नसरवानजी माणेकजी वाडिया. मुंबईचे व्यापारी. जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातले. अमेरिकन गलबते मुंबईला आली की त्यांचा माल, त्यांची सोय, त्यांचे देणेघेणे हेच पाहत. चित्र काढले चिनी चित्रकाराने, आणले अमेरिकन खलाशांनी, ठेवले सेलममध्ये. मुंबईच्या फोर्टातल्या पेढीवर बसलेला माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या गावात दोनशेहून अधिक वर्षे मुक्काम करून आहे. कलकत्त्याच्या बनियांचे मातीचे पूर्णाकृती पुतळेही संग्रहात आहेत. त्या पलीकडे हुसेन आणि तय्यब मेहता यांच्यासारख्या आपल्या चित्रकारांची चित्रेही. ती एका अमेरिकन दांपत्याने आयुष्यभर जमवून पुढे या संग्रहालयाच्या स्वाधीन केली. त्याच आवारात चीनमधून उचलून आणून उभे केलेले १६ खोल्यांचे एक आख्खे घर आहे. ते पाहायला स्वतंत्र दिवस हवा. आम्ही तासाभरात आटोपले.

मिऱ्यांचे वैभव फार टिकले नाही. १८०७ साली सरकारनेच परदेशी व्यापार बंद केला, मग १८१२ चे युद्ध आले, आणि पुढे गलबते मोठी झाली तसे हे उथळ बंदर त्यांना पुरेना. व्यापार बोस्टन आणि न्यू यॉर्कला गेला. १८१९ साली बांधलेली जकात कचेरी मात्र तशीच थाटात उभी आहे. माथ्यावर सोनेरी गरुड, आत कामाला कोणी नाही. त्या कचेरीत १८४६ ते १८४९ नोकरी केली नॅथॅनियल हॉथॉर्न या लेखकाने. सरकार बदलले, नोकरी गेली. नोकरी गेली म्हणून कादंबरी लिहायला बसला आणि १८५० साली ‘द स्कार्लेट लेटर’ लिहून जगप्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या कादंबरीवरून ओळखले जाणारे सात तिकोनी माथ्यांचे १६६८ सालचे घर जवळच आहे. मौज अशी, की कादंबरीत माथे सात आणि घराला तेवढे उरले नव्हते. कॅरोलिन एमर्टन नावाच्या बाईंनी १९०८ साली ते घर विकत घेतले, माथे पुन्हा बांधून सात भरले, आत चिमणीला वळसा घालून जाणारा एक गुप्त जिनाही घातला, आणि १९१० पासून तिकीट लावले. ते पैसे कशाला, तर आसपासच्या परदेशी मजुरांच्या मुलाबाळांच्या शिक्षणाला. कादंबरीला शोभावे म्हणून घर दुरुस्त करणे हा इतिहास नव्हे, हे कबूल. पण त्या पैशातून जे उभे राहिले ते पाहता मी त्या जिन्यावर टीका करणार नाही. सौ.नी केली, पण ती अरुंदपणाबद्दल.

हत्तीच्या गलबतावरचा तो हॅथॉर्न म्हणजे या लेखकाचे वडील. ते पुढे परमुलखात तापाने वारले, मुलगा लहान असताना. आणि लेखकाचा खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हा १६९२ च्या खटल्यांतला न्यायाधीश. लेखकाने आपल्या आडनावात एक अक्षर वाढवून घेतले. त्या पूर्वजापासून थोडे तरी दूर व्हावे म्हणून, असे सांगतात.

आता १६९२ कडे वळू.

सुरुवात सेलम गावात झालीच नाही. जवळ सेलम व्हिलेज नावाची शेतकऱ्यांची वाडी होती. तिला आज डॅन्व्हर्स म्हणतात. तिथल्या सॅम्युअल पॅरिस नावाच्या पाद्र्याच्या घरी १६९२ च्या जानेवारीत नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची यांना झटके येऊ लागले. किंचाळायच्या, वाकड्यातिकड्या व्हायच्या. वैद्याने निदान केले: बाहेरची बाधा. मग बाधा कोणी केली? पहिली तीन नावे निघाली ती अशी: पाद्र्याच्याच घरातली गुलाम बाई टिट्यूबा, दारोदार भीक मागणारी सेरा गुड, आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळून चर्चला न आलेली सेरा ऑस्बर्न. कोणत्या तिघींची नावे आधी निघतात ते पाहावे. जिला कोणी नाही, जिच्याकडे काही नाही, जिच्याविषयी आधीच कुजबुज आहे. आपल्या सातपुड्यात एखाद्या विधवेला डाकीण ठरवतात तेव्हा याहून निराळे काय घडते? महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली. आणि त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर झाला. तेव्हा सेलमला हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे नावे वाढत गेली. दीडशेहून अधिक माणसे तुरुंगात गेली. सेरा गुडची चार-पाच वर्षांची मुलगीसुद्धा साखळदंडात अनेक महिने तुरुंगात होती. गव्हर्नरने खास न्यायालय नेमले. त्या न्यायालयाने एक अजब पुरावा मानला: आरोपी बाई स्वतः घरी झोपलेली असली तरी तिची छाया येऊन मला चिमटे काढते, गळा दाबते, असे एखाद्या मुलीने सांगितले की पुरे. छायेविरुद्ध साक्ष कोण देणार? आणि याहून विपरीत म्हणजे, ज्यांनी ‘होय, मी चेटकीण आहे’ अशी कबुली दिली त्यांना त्या वर्षी फाशी झाली नाही. त्यांच्याकडून आणखी नावे हवी होती. फासावर गेले ते शेवटपर्यंत नाही म्हणणारे. खोटे बोलून जीव वाचवता येत होता, आणि वीस जणांनी तो वाचवला नाही. ही गोष्ट एसेक्स स्ट्रीटवरच्या एकाही टोपीवर लिहिलेली नाही.

न्यायाधीशांपैकी जोनाथन कॉर्विन याचे घर गावात आहे. काळ्या फळ्यांचे, लहान खिडक्यांचे, अंधारे. खटल्यांशी थेट संबंध असलेली गावातली एवढी एकच इमारत उरली आहे. लोक तिलाच ‘चेटकिणीचे घर’ म्हणतात. घर न्यायाधीशाचे, नाव चेटकिणीचे.

चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी आम्हांला स्वतःच्या मोटारीतून डॅन्व्हर्सला नेले. तिथे रिबेका नर्स या म्हातारीचे घर आहे, शेताच्या मधोमध. रिबेका ७१ वर्षांची, आठ मुलांची आई, देवभोळी, कानांनी अधू. पंचांनी तिला आधी निर्दोष ठरवले. त्यावर मुलींनी कोर्टात आकांत मांडला. न्यायाधीशांनी पंचांना पुन्हा विचार करायला सांगितले. पंचांनी तिला एक प्रश्न विचारला. तो तिला ऐकूच गेला नाही, ती गप्प राहिली. तेवढ्यावरून दोषी. १९ जुलै १६९२ रोजी तिला फाशी दिले. चेटकिणींना दफनभूमीत जागा नसे. मुलांनी रात्री प्रेत गुपचूप आणून शेतात पुरले अशी घराण्यातली सांगी आहे. त्या शेताच्या कडेला, पाइन झाडांखाली तिचे स्मारक १८८५ साली उभारले.

पण मी ज्यासाठी हे लिहितो आहे ते तिच्या शेजारचे दुसरे स्मारक. ते १८९२ सालचे. रिबेकावर आरोप झाला तेव्हा सुमारे चाळीस शेजाऱ्यांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या: आम्ही या बाईला पुष्कळ वर्षे ओळखतो, तिच्यात वावगे काही पाहिले नाही. अशा दिवसांत, की ज्याने तोंड उघडले त्याचे नाव दुसऱ्या दिवशी आरोपींत यावे! त्या सह्यांनी ती वाचली नाही. तरी दोनशे वर्षांनी गावाने सही करणाऱ्यांची नावे दगडात कोरली. लढाई जिंकणाऱ्यांची, देणग्या देणाऱ्यांची स्मारके मी खूप पाहिली आहेत. अर्जावर सही करणाऱ्या शेजाऱ्यांचे स्मारक हे पहिलेच. आम्ही तिघेही तिथे बराच वेळ उभे होतो. बाई एकेक नाव मोठ्याने वाचत होत्या, वर्गात हजेरी घ्यावी तशा.

परतताना सौ.नी विचारले, “आपल्या चाळीतल्या किती जणांनी सही केली असती हो?” मी म्हटले, “कशावर सही करायची ते आधी सेक्रेटरींना विचारून सांगतो, असे म्हणाले असते.” त्या हसल्या नाहीत.

सेलममधले स्मारक १९९२ साली, तीनशे वर्षे पुरी झाल्यावर झाले. नाझींच्या छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल त्याच्या अर्पणाला आले होते. एक लहानसे अंगण, तीन बाजूंना दगडी भिंत, आणि भिंतीतून बाहेर आलेले २० दगडी बाक. प्रत्येकावर नाव, मृत्यूचा प्रकार, तारीख. जाइल्स कोरीच्या बाकावर फाशीचा उल्लेख नाही. तोच तो ऐंशीच्या घरातला म्हातारा, खटला चालवायला त्याने संमतीच दिली नाही, म्हणून अंगावर दगड रचले. आत शिरताना पायांखालच्या दगडांत आरोपींचे शब्द कोरले आहेत, आपण निरपराध असल्याचे सांगणारे; आणि ते वाक्य पुरे होण्याआधीच भिंतीखाली जाते. जणू मधेच कोणी तोंडावर हात ठेवला. बाकांवर फुले होती, नाणी होती, दोन-तीन चिठ्ठ्या होत्या. टोकदार टोप्या घातलेली मंडळी इथेही येत होती. मात्र आत आल्यावर पुष्कळांनी टोप्या काढून हातात घेतलेल्या मी पाहिल्या.

भिंतीपलीकडे जुनी दफनभूमी आहे, १६३७ सालची. तिथे न्यायाधीश जॉन हॅथॉर्नची कबर आहे, नाव कोरलेला दगड अजून उभा. ज्यांना त्याने दोषी ठरवले त्यांतल्या बहुतेकांची कबर कुठे आहे हे आजही कोणाला ठाऊक नाही. मध्ये फक्त ती भिंत.

मालकीणबाई म्हणाल्या होत्या, लिहायला किती वर्षे लागली ते पाहून जा. तो हिशेब असा. १६९२ च्या ऑक्टोबरातच गव्हर्नरने ते न्यायालय मोडले. १६९७ च्या जानेवारीत उपवासाचा दिवस पाळला. न्यायाधीशांपैकी सॅम्युअल स्यूअल हा बोस्टनच्या चर्चमध्ये सर्वांसमोर उभा राहिला आणि त्याचा माफीनामा पाद्र्याने वाचला. पंचांनीही क्षमा मागितली. हॅथॉर्नने मागितली नाही. १७०६ साली ॲन पटनम, जी बारा वर्षांची असताना अनेकांची नावे घेत होती, तीही तशीच उभी राहिली. ऐकणाऱ्यांत रिबेका नर्सची माणसे होती. १७११ साली सरकारने पुष्कळांवरचा दोष रद्द केला आणि सुमारे ५७८ पौंड नुकसानभरपाई वाटली. सेरा गुडच्या नवऱ्याला ३० पौंड मिळाले; त्याची ती साखळदंडातली मुलगी पुन्हा कधी धड झाली नाही, असे त्याने अर्जात लिहिले होते. ज्यांच्यासाठी अर्ज करायला कोणी नव्हते, त्यांची नावे राहून गेली. १९५७ साली विधिमंडळाने ठराव करून आणखी एका बाईचे नाव घेतले, बाकीच्यांना ‘आणि इतर’ म्हटले. त्या ‘इतर’मधल्या पाच बायकांची नावे लिहायला २००१ साल उजाडले. गव्हर्नरची त्यावर सही झाली ती ३१ ऑक्टोबरला, ऐन हॅलोवीनच्या दिवशी.

फाशीची जागा नक्की कोणती, हेही २०१६ पर्यंत ठरले नव्हते. लोक समजत होते टेकडीच्या माथ्यावर. जुने कागद आणि जमिनीची मोजणी ताडून अभ्यासकांनी दाखवून दिले की ती टेकडीच्या पायथ्याशी, प्रॉक्टर्स लेज नावाच्या खडकाळ उतारावर. शेवटच्या दिवशी आम्ही तिथे गेलो. समोर एक मोठे औषधांचे दुकान आहे. त्याच्या मागच्या बाजूने गेले की आडरस्त्यावर, घरांच्या परसांना लागून ती जागा. २०१७ च्या १९ जुलैला, म्हणजे रिबेकाच्या फाशीच्या तिथीलाच, तिथे स्मारक झाले: अर्धवर्तुळाकार कमी उंचीची भिंत, तिच्यात १९ नावांचे दगड, मधोमध एक ओकचे झाड. एसेक्स स्ट्रीटवर त्याच वेळी हजारो माणसे होती. इथे आम्ही दोघे, आणि शेजारच्या घरातून धुतलेल्या कपड्यांचा वास.

तिथे उभे असताना मला बाईंनी डॅन्व्हर्सहून येताना सांगितलेली एक गोष्ट आठवली. २००१ नंतर सगळ्यांना वाटले, यादी पुरी झाली. ती पुरी झाली नव्हती. एलिझाबेथ जॉन्सन नावाची २२ वर्षांची अँडोव्हरची मुलगी १६९३ साली दोषी ठरली होती. गव्हर्नरने शिक्षा थांबवली, ती जगली, म्हातारी होऊन वारली. लग्न केले नाही, मूलबाळ नाही. आईचे नावही एलिझाबेथ जॉन्सनच. आईवरचा दोष गेला. मुलीने १७१२ साली अर्ज केला, तो तसाच राहिला. कागदोपत्री ती चेटकीणच. नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेत आठवीच्या मुलांना हे शिकवताना कळले. मुलांनी कायदा वाचला, आमदारांना पत्रे लिहिली, पाठपुरावा केला. शेवटी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या विधेयकाला जोडून दोन ओळी घातल्या गेल्या, आणि २०२२ च्या जुलैत, ३२९ वर्षांनी, ती निर्दोष ठरली.

तिच्या नावाचा बाक सेलमच्या त्या भिंतीत नाही, आणि इथल्या १९ दगडांतही तिचा दगड नाही. ती फाशी गेली नव्हती, त्यामुळे तसा तो असण्याचे कारणही नाही. सौ.नी भोवती पडलेल्या ओकच्या पानांतले एक उचलले, थोडा वेळ हातात धरले, आणि कोणाच्याच नावाच्या नसलेल्या जागी, भिंतीच्या टोकाला, ठेवून दिले.